वाळूवरचा पाइन, चिखलातला सायप्रस

ओंजळीत घेतलं तर पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं आणि पात्रात पाहिलं तर काळं कुळकुळीत. वल्ह्याचं पांढरं पातं त्यात बुडवलं की आधी पिवळसर होतं, मग विटकरी, आणि हातभर खोल गेलं की दिसेनासं होतं. तरीही हे पाणी गढूळ नाही. भांड्यात भरून रात्रभर ठेवलं तरी तळाशी गाळ म्हणून बसत नाही. काळोख आहे तो पाण्याच्या रंगाचा.

ही नदी नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातली. नाव सरळच आहे, ब्लॅक रिव्हर. अमेरिकेत या नावाच्या नद्या बऱ्याच आहेत. शेजारच्या साउथ कॅरोलायनातही एक आहे. सॅम्पसन काउंटीच्या दक्षिण भागात ग्रेट कोहॅरी आणि सिक्स रन्स हे दोन प्रवाह भेटतात, तिथून पुढे हिला हे नाव मिळतं. मग ब्लेडन आणि पेंडर काउंट्यांतून रेंगाळत ती विल्मिंग्टन बंदराच्या वरच्या अंगाला केप फिअर नदीत जाऊन मिळते.

केप फिअर आणि ब्लॅक या दोघी शेजारणी असल्या, तरी त्यांचं कूळ वेगळं. केप फिअर उगवते पीडमाँटच्या लाल चिकणमातीच्या टेकड्यांत, आणि ती माती घेऊनच खाली येते. कोकणातल्या नद्या आषाढात जशा तांबड्या होतात, तसा तिचा रंग. ब्लॅक रिव्हरने डोंगर पाहिलेलाच नाही. तिचा उगम, प्रवास आणि शेवट सगळा किनारी मैदानात होतो, आणि हे मैदान म्हणजे समुद्राने टप्प्याटप्प्याने मागे सोडलेला जुना तळ. वाळू आणि चिकणमातीचे थर, उतार जवळजवळ नाहीच. नदी इतकी संथ चालते की काठावरची पडलेली पानं तिच्यात आठवडेच्या आठवडे भिजत राहतात. चहात आणि हिरड्यात जे टॅनिन असतं तेच या पानांतून पाण्यात उतरतं. खालची वाळू ते शोषून घेत नाही, वरून गाळ येत नाही, आणि पाणी आंबट, निःसत्त्व आणि काळं होत जातं.

उपनद्यांचं रूपही तसंच आहे. सगळ्यात मोठी साउथ रिव्हर. उगमाकडच्या भागात तिलाही लोक ब्लॅक रिव्हरच म्हणतात, त्यामुळे जुने नकाशे वाचताना फसायला होतं. कॉली क्रीक येते व्हाइट लेकच्या बाजूने. त्या भागात जमिनीवर शेकडो लंबगोल खळगे आहेत, सगळ्यांचं तोंड वायव्य-आग्नेय असं एकाच दिशेला. त्यांना ‘कॅरोलायना बे’ म्हणतात. हा ‘बे’ समुद्राचा उपसागर नव्हे. खळग्यांच्या कडेने वाढणाऱ्या बे नावाच्या झाडांवरून ते नाव पडलं. बहुतेक खळगे दलदलीने भरलेले आहेत, काहींत तळी आहेत. आणि अगदी खालच्या अंगाला, नदी संपत येते तिथे, मूर्स क्रीक नावाचा एक ओढा मिळतो. नकाशावर तो शोधावा लागतो. अमेरिकेच्या इतिहासात मात्र तो शोधावा लागत नाही.

या प्रदेशाची खरी गंमत उंचीत आहे. इथे हातभर उंचीला जी किंमत आहे ती दुसरीकडे हजार फुटांना असते. नदीपात्रालगतच्या सखल पट्ट्यात वर्षातले कित्येक महिने पाणी उभं असतं, आणि तिथे बाल्ड सायप्रस वाढतो. त्याच्यापासून थोडं चढून गेलं की लागते कोरडी वाळू, आणि त्या वाळूवर लाँगलीफ पाइन, म्हणजे लांब सुयांचा पाइन. दोन्ही सूचिपर्णी, एकाचे पाय पाण्यात, दुसऱ्याचे वाळूत. माणसाने या नदीकाठी जे काही केलं, त्यातलं बरंचसं या दोन झाडांभोवती फिरतं. पाइन उंचावर होता, हाताशी होता, तो गेला. सायप्रस मात्र काही जागी टिकून राहिला.

आधी पाइनची गोष्ट.

सतराव्या-अठराव्या शतकात लाकडी जहाज म्हणजे डांबराचं गिऱ्हाईक. फळ्यांच्या फटी बुजवायला डांबर, दोरखंड कुजू नयेत म्हणून डांबर. इंग्लंडला हा माल स्वीडनकडून येई, आणि स्वीडनने त्याचा मक्ता एका कंपनीच्या हातात दिला होता. भाव वाढले, पुरवठा बेभरवशाचा झाला, त्यात उत्तरेकडे युद्ध पेटलं. नौदलावर जगणाऱ्या देशाला हे परवडणारं नव्हतं. १७०५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून अमेरिकेतल्या वसाहतींतून येणाऱ्या डांबराला टनामागे चार पौंड आणि राळ-टर्पेंटाईनला तीन पौंड बक्षिसी जाहीर केली. केप फिअरच्या खोऱ्यात शेतीपेक्षा जंगल जास्त होतं. या बक्षिसीने त्या जंगलाला भाव आला.

डांबर काढण्याची रीत अशी. लाँगलीफ पाइन मेला की त्याचं बाहेरचं लाकूड कुजून गळून पडतं, आणि उरतो तो राळेने माखलेला गाभा. याला तिथे ‘लाइटवुड’ म्हणत, कारण काडी लावताच तो पेट घेई. जंगलात असा गाभा शतकानुशतकं पडून होता. तो गोळा करायचा, फोडायचा. मग जमीन साफ करून चिकणमातीची एक मोठी गोल थाळी बनवायची, कडा उंच आणि मध्य खोलगट. मध्यापासून एक नळी जमिनीखालून बाहेर काढायची, तिच्या तोंडाशी खड्डा. थाळीवर लाकूड रचायचं, वरून गवताची ढेकळं आणि माती लिंपायची, आणि वरच्या बाजूने आग द्यायची. आग भडकू द्यायची नाही, विझूही द्यायची नाही. भट्टी दिवसचे दिवस धुमसत राही आणि नळीतून काळा, दाट रस खड्ड्यात उतरे. रात्री राखण करावीच लागे. कुठे मातीला भेग पडली की हवा आत शिरून भट्टीतला सगळा माल जळून जाई. ती भेग बुजवायला धुमसत्या ढिगावर चढावं लागे. हे काम करणारे बहुतेक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं आणि त्यांचे वंशज होते. डांबराच्या पिंपांची मोजदाद व्यापाऱ्यांच्या वह्यांत आहे. त्या ढिगावर चढणाऱ्यांची नावं बहुतेक ठिकाणी नाहीत.

वाळूत आजही या भट्ट्यांचे गोल वण सापडतात. कडेने चर, मधे कोळशाची काळी माती.

इंग्रज खरेदीदारांची तक्रार असे की कॅरोलायनाचं डांबर ‘गरम’ आहे, दोर जाळतं. स्वीडनमध्ये जिवंत झाडाची साल आधी सोलून ठेवत आणि मग ते जाळत. इथे मेलेलं लाकूड वापरत, म्हणून प्रत कमी. बक्षिसी एकदा बंद पडली, १७२९ मध्ये कमी दराने पुन्हा सुरू झाली. तरी कॅरोलायनाच्या लोकांनी आपली रीत सोडली नाही. पडलेलं लाकूड फुकट होतं. स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीच्या वर्षांत वसाहतींतून बाहेर जाणाऱ्या डांबरातला अर्ध्याहून जास्त हिस्सा एकट्या नॉर्थ कॅरोलायनाचा होता. या राज्याच्या लोकांना आजही ‘टार हील’, म्हणजे डांबरी टाचांचे, म्हणतात आणि तेही ते नाव अभिमानाने मिरवतात.

हा सगळा माल बंदरावर जाणार कसा? रस्ते नव्हते, होते ते वाळूत आणि चिखलात हरवणारे. त्यामुळे प्रत्येक ओढा म्हणजे रस्ता झाला. लाकडाचे तराफे बांधायचे, त्यांवर पिंपं लादायची आणि पाणी चढण्याची वाट पाहायची. कोहॅरी, सिक्स रन्स, साउथ रिव्हर या प्रवाहांतून तराफे ब्लॅक रिव्हरमध्ये, तिथून केप फिअरमध्ये आणि विल्मिंग्टनला. खालच्या पट्ट्यात भरती-ओहोटी जाणवते, तिथे ओहोटीला सोडायचं आणि भरतीला बांधून ठेवायचं. विल्मिंग्टनला माल उतरला की तराफ्याचं लाकूडही विकून टाकायचं. अशा प्रदेशात वस्ती नदीकाठी, घाटाजवळ किंवा पुलाजवळ वाढते, आणि पूल ज्याच्या ताब्यात तो प्रदेश त्याचा.

हीच गोष्ट फेब्रुवारी १७७६ मध्ये एका सैन्याला फार महागात पडली.

केप फिअरच्या वरच्या भागात १७३९ पासून स्कॉटलंडच्या हायलँडमधले लोक येऊन वसले होते. बंडाची चाहूल लागली तेव्हा यांतले बरेच इंग्लंडच्या राजाच्या बाजूने उभे राहिले. राजनिष्ठांचं सुमारे सोळाशेंचं सैन्य क्रॉस क्रीकहून, म्हणजे आजच्या फेएटव्हिलहून निघालं. किनाऱ्यावर येणाऱ्या ब्रिटिश आरमाराला जाऊन मिळायचं होतं. नकाशावर हा मार्ग सोपा दिसतो. प्रत्यक्षात वाटेत एकामागून एक काळे प्रवाह आडवे होते, आणि प्रत्येक ठिकाणी पार होण्याच्या जागा मोजक्याच. बंडखोरांचा सेनानी रिचर्ड कॅसवेल याने ब्लॅक रिव्हरवरचा कॉर्बेट्स फेरी हा उतार आधी गाठला. राजनिष्ठांनी त्याला तिथे हुलकावणी देत गुंतवलं आणि वरच्या बाजूला नदी ओलांडली. मोठी नदी जिंकली खरी, पण पुढे मूर्स क्रीक होता. तेव्हा त्याला विडो मूर्स क्रीक म्हणत. जेमतेम पन्नासेक फूट रुंद, काठाला दलदल, आणि वाटेवर एकच लाकडी पूल.

पलीकडच्या काठावर बंडखोर मातीचे बांध घालून, तोफा लावून बसले होते. जाताना त्यांनी पुलाच्या फळ्या काढून नेल्या आणि उरलेल्या तुळयांना साबण आणि चरबी फासली. २७ फेब्रुवारीच्या पहाटे, उजाडायच्या आधी, हायलँडर तलवारी उपसून त्या तुळयांवर चढले. मुख्य सेनापती आजारी होता. चढाईचं नेतृत्व करणारा डोनाल्ड मॅक्लाउड पलीकडच्या बांधाजवळ पोहोचून गोळ्यांनी पडला. कित्येक जण घसरून काळ्या पाण्यात पडले आणि बुडाले. सगळं काही मिनिटांत आटोपलं. बंडखोरांचा एक माणूस मेला. पुढच्या काही दिवसांत साडेआठशे राजनिष्ठ पकडले गेले. किनाऱ्यावर आलेल्या आरमाराला भेटायला कोणी उरलंच नाही. दीड महिन्यात, १२ एप्रिलला, हॅलिफॅक्स इथे जमलेल्या प्रतिनिधींनी सगळ्या वसाहतींच्या एकत्रित सभेतल्या आपल्या लोकांना स्वातंत्र्याच्या बाजूने मत द्यायची मुभा दिली. असं करणारी नॉर्थ कॅरोलायना ही पहिली वसाहत. ती तारीख आजही राज्याच्या झेंड्यावर आहे.

स्वातंत्र्यानंतर इंग्लंडची बक्षिसी गेली, पण पाइनचे दिवस संपले नाहीत. उलट त्यांची कडक परीक्षा पुढेच होती. १८३० च्या दशकात तांब्याच्या भट्ट्या आल्या. मद्य गाळावं तसं पाइनचा चीक गाळून टर्पेंटाईनचं तेल वेगळं काढता येऊ लागलं, आणि मागे राहू लागली राळ. तेल रंगांत, रबरात आणि दिव्यांत जाई. आता मेलेलं लाकूड पुरेना. जिवंत झाडाचा चीक हवा होता. हिवाळ्यात झाडाच्या बुंध्याशी अरुंद कुऱ्हाडीने खोल खाच पाडायची, तिला ‘बॉक्स’ म्हणत. वसंत लागला की त्या खाचेच्या वर सालीवर तिरप्या रेघा ओढायच्या, आठवड्याला नवी रेघ. चीक ओघळून खाचेत जमे, तो पळीने काढून पिंपात भरायचा. गुलाम मजुरांना एकेकट्याने हजारो खाचांची देखभाल करावी लागे, दिवसभर अंगाला चीक फासलेला, हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस नाही. एका झाडाला दोन-दोन, तीन-तीन खाचा असत. काही वर्षांत झाड खचे. मग वारा त्याला पाडे, किंवा वणवा त्या चिकाने माखलेल्या जखमेवर भडके, किंवा किडे लागत.

मराठीत आरोपांची राळ उडते, त्यात मशालीवर भुकटी फेकून भडका उडवण्याची जुनी आठवण आहे. इथे राळ उडाली नाही, साठत गेली. गाडीभाडं निघेना म्हणून आतल्या भट्ट्यांवर ती ओढ्यांत ओतून देत. पुढे भाव आला तेव्हा लोकांनी ती खणून काढली.

विल्मिंग्टन तेव्हा या मालाचं जगातलं मोठं बंदर होतं. १८४० मध्ये तिथून वेल्डनपर्यंत १६१ मैलांची रेल्वे पुरी झाली, त्या वेळी जगातली सगळ्यात लांब. रेल्वेने आतलं जंगलही बंदराच्या हाताशी आणलं. शतक संपता संपता धंदा दक्षिणेला जॉर्जिया, फ्लोरिडाकडे सरकला आणि उरलेली झाडं आरागिरण्यांनी नेली. अमेरिकेच्या आग्नेय भागात एकेकाळी लाँगलीफ पाइनचं जंगल सुमारे नऊ कोटी एकरांवर होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा तीन-चार टक्के भागही धड उरला नव्हता. इतकं मोठं जंगल इतक्या गुपचूप गेल्याचं दुःख करायलाही फारसं कोणी नव्हतं, कारण ज्यांनी ते आतून पाहिलं त्यांतले बहुतेक गुलाम होते आणि त्यांना त्याची आठवण कोणी विचारली नाही.

ब्लॅक रिव्हरवरची वाहतूक त्यानंतरही काही काळ चालली. क्लिअर रन या काठावरच्या वस्तीत ए. जे. जॉन्सन नावाच्या व्यापाऱ्याचं दुकान आणि कापसाची जिनिंग होती. त्याच्या नावाची वाफेची बोट नदीतून फिरे. तिचा सांगाडा तिथेच पाण्यात पडून आहे. पाणी उतरलं की दिसतो.

आता हातभर खाली उतरू, चिखलात.

बाल्ड सायप्रस हा सरूच्या कुळातला, पण हिवाळ्यात सगळी पानं गाळून बोडका होतो, म्हणून त्याला हे नाव. बुंधा पायथ्याशी घागरीसारखा फुगलेला, आणि भोवती मुळांतून वर आलेली लाकडी खुंटं, त्यांना ‘गुडघे’ म्हणतात. याचं लाकूड सहसा कुजत नाही, म्हणून त्यालाही मागणी होती आणि तेही भरपूर तोडलं गेलं. पण ब्लॅक रिव्हरच्या एका पट्ट्यात नदी स्वतःलाच हरवते. थ्री सिस्टर्स स्वॉम्प नावाच्या दलदलीत पात्र फुटून असंख्य चिंचोळ्या वाटा होतात, आणि नावाडी झाडांच्या गुडघ्यांमधून होडी ढकलत जातो. तिथले सायप्रस उंचीने साधारण आणि जाडीनेही फार मोठे नाहीत. शेंडे वादळांनी मोडलेले, खोड पिळवटलेलं आणि आत पोकळ. लाकूडतोड्याने अशा झाडाकडे पाहिलं आणि पुढे गेला. त्यातून फळी निघण्यासारखी नव्हती.

१९८० च्या दशकात आर्कान्सा विद्यापीठातले डेव्हिड स्टाल यांनी याच झाडांकडे पाहिलं, ते वर्तुळं मोजण्यासाठी. पोकळ पोलादी गिरमिट खोडात फिरवत नेलं की पेन्सिलीएवढी काडी बाहेर येते. झाडाला त्याने अपाय होत नाही. काडी घासून गुळगुळीत केली की भिंगाखाली वर्षांच्या रेघा दिसतात: ओल्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. या झाडांच्या रेघांवरून स्टाल आणि सहकाऱ्यांनी इसवी सन ३७२ ते १९८५ असा सोळाशे वर्षांचा पावसाचा इतिहास लावला आणि तो १९८८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. एका झाडाचं वर्तुळ इसवी सन ३६४ पर्यंत मागे गेलं. अजिंठ्याची वाकाटकांच्या काळातली लेणी खोदली गेली ती त्यानंतर शंभर वर्षांनी. त्या झाडाला मेथुसेला हे बायबलमधल्या दीर्घायुषी म्हाताऱ्याचं नाव मिळालं.

पुढे २०१९ मध्ये त्याच दलदलीतल्या दुसऱ्या एका झाडाची नोंद झाली: किमान २,६२४ वर्षं. म्हणजे इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीचं रोप, बुद्धाच्याही आधीचं. किमान अशासाठी, की गिरमिट बुंध्याच्या फुगवट्याच्या वर लावावं लागतं आणि त्या उंचीपर्यंत वाढायला झाडाला गेलेली वर्षं मोजणीत येत नाहीत. पाणथळ जागेत वाढणाऱ्या झाडांत जगात याहून जुनं झाड माहीत नाही.

इतकं आयुष्य कशामुळे? पाणी निःसत्त्व आणि आंबट, म्हणून वाढ हळू. मुळांशी खतावणारा गाळ नाही. उभ्या पाण्यामुळे वणवा आत शिरत नाही. जे पाणी शेतकऱ्याच्या कामाचं नव्हतं, ज्या खोडाला आरागिरणीने किंमत दिली नाही, त्या दोन्ही गोष्टी झाडाच्या पथ्यावर पडल्या. याच जातीच्या झाडांनी इतिहासाचं आणखी एक कोडं थोडं उलगडलं आहे, पण त्याचं श्रेय व्हर्जिनियातल्या ब्लॅकवॉटर आणि नॉटवे नद्यांना. १५८७ मध्ये रोआनोक बेटावर वसलेली इंग्रज वसाहत पुढच्या काही वर्षांत माणसांसकट गायब झाली. त्या नद्यांच्या सायप्रसमधल्या अरुंद रेघांनी दाखवलं की ती वर्षं आठ शतकांतल्या सगळ्यात भीषण दुष्काळाची होती.

१९९० च्या दशकात राज्याने ब्लॅक रिव्हरच्या पाण्याला संरक्षणाचा वरचा दर्जा दिला, आणि नेचर कन्झर्व्हन्सीने काठावरच्या जमिनी विकत घेत हजारो एकर राखले. पण नदीचं पाणलोट क्षेत्र त्या एकरांपेक्षा खूप मोठं आहे. सॅम्पसन आणि शेजारची डुप्लिन या काउंट्या देशातल्या सर्वांत जास्त डुकरं पाळणाऱ्या. विष्ठा उघड्या खाणींसारख्या तळ्यांत साठवतात. राज्याने १९९७ मध्ये अशी नवी फार्म थांबवली, जुनी चालू राहिली. १९९९ च्या फ्लॉइड आणि २०१८ च्या फ्लॉरेन्स वादळांत काही तळी फुटली, काही भरून वाहिली. निःसत्त्व पाण्यावर जगायला शिकलेल्या नदीला हे खत विषासारखं आहे.

वरच्या अंगाला ग्रेट कोहॅरीच्या काठी कोहॅरी नावाचे मूळ रहिवासी राहतात. राज्याने त्यांना १९७१ मध्ये मान्यता दिली. नदीत पोहायचं, मासे मारायचे, तिथेच बाप्तिस्मा घ्यायचा, ही त्यांच्या म्हाताऱ्यांची आठवण. पुढे वादळात उन्मळलेली झाडं आडवी पडून प्रवाह इतका तुंबला की लहान मुलांना नदी म्हणजे झाडीमागचा चिखल एवढंच माहीत होतं. २०१५ च्या सुमारास जमातीच्या माणसांनी चेनसॉ आणि होड्या घेऊन एकेक ओंडका कापायला सुरुवात केली. मैल मैल वाट मोकळी झाली. आता त्यांची मुलं होडीतून जातात.

आणि खाली, बंदराच्या दिशेने, केप फिअरच्या मुखाजवळच्या दलदलींत सायप्रसचे पांढरे सांगाडे उभे आहेत. समुद्र चढतो आहे. शिवाय मोठी जहाजं विल्मिंग्टनला यावीत म्हणून खाडी पुन्हा पुन्हा खोल केली गेली, आणि त्या खोल पात्रातून खारं पाणी वर सरकलं. थ्री सिस्टर्समधली झाडं जिथे आहेत ती जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर उंच आहे.